भाऊबंदकीच्या सिनेमात कुऱ्हाड निघते, सातबारा का निघत नाही?

शिवारफेरी (धागाकर्ता)

गावाकडच्या घरातला जमिनीचा वाद घेऊन केलेले सिनेमे मी आवडीने बघतो आणि बहुतेक वेळा चडफडत उठतो. थोरला भाऊ देवमाणूस, धाकटा चैनी, धाकट्याची बायको कान भरणारी आणि वेशीवर टपून बसलेला एक सावकार नाहीतर पाटील. मध्यंतराच्या आसपास आई अंथरूण धरते. मग कुऱ्हाड निघते, रक्त सांडतं, उरलेला भाऊ हंबरडा फोडतो. अडीच तासांत एकाही माणसाच्या हातात उतारा दिसत नाही. तलाठी दिसलाच तर विनोदापुरता.

'दो बीघा जमीन' (१९५३) आणि 'मुळशी पॅटर्न' (२०१८) मला दोन्ही आवडतात. पण दोन्हींत जमीन घराबाहेर जाते. एकात जमीनदाराला गिरणी काढायचीय, दुसऱ्यात शहर सरकत येतं. वैरी बाहेरचा, म्हणून प्रेक्षकाला बाजू घेणं सोपं जातं. वैरी एकाच ताटात जेवलेला असतो तेव्हा काय, हे कुणी धीराने दाखवत नाही.

माझ्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट घोळतेय. सात एकर रान. वडील गेल्यावर दोघा भावांनी मामाला मध्ये घालून तोंडी वाटणी केली. नदीकडचं तीन एकर धाकट्याला, कारण त्याची पोरं लहान. माळाचं चार एकर थोरल्यानं घेतलं. तिथं कुसळं उगवायची, सगळं गाव थोरल्याचं नाव काढायचं. वीस वर्षांनी माळाला घासून महामार्ग जातो आणि माळाच्या एका गुंठ्याला बागायती एकराचा भाव येतो. धाकटा म्हणतो, ती वाटणी नव्हतीच, सोयीची वहिवाट होती. थोरला म्हणतो, वीस वर्षं ऊस खाल्लास तेव्हा नाही आठवलं?

सांगा, यात खलनायक कोण?

भुईमूग

खलनायक मामा. मध्यस्थी करायची आणि कागद करायचा नाही, ही मामा लोकांची जुनी खोड.

गावनमुना_सात

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

शिवारफेरी, तुमच्या गोष्टीत एक कागद राहिलाय आणि सगळं नाट्य त्यातच आहे. वडील वारले तेव्हा वारसनोंद कशी पडली? त्या काळात बहुतेक ठिकाणी थोरल्याचं एकट्याचं नाव लागायचं आणि नावापुढं 'ए.कु.मॅ.' असं लिहायचे, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकटा कसतोय, विहिरीवर राबलाय, पण सातबाऱ्यावर तो नाहीच. सोसायटीत पीककर्ज मागायला गेला की थोरल्याची सही आण म्हणतात. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये यायला लागले, तेही नाव ज्याचं त्याच्या खात्यावर. दोन हजारांचा हप्ता थोरल्याच्या मोबाइलवर वाजतो आणि धाकटा शेजारी बसलेला असतो. महामार्ग पुढची गोष्ट, भांडणाची ठिणगी इथं पडते.

पुढं कधीतरी ते 'ए.कु.मॅ.' संगणकावर चढवताना गळतं किंवा कुणीतरी गाळतं. मग नवा तलाठी आला की त्याला फक्त एक मालक दिसतो.

वाटणी कागदावर आणायची तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम ८५ आहे, तहसीलदाराकडे अर्ज करायचा. त्याला सगळ्या सहधारकांची संमती लागते. नोंदणीकृत वाटणीपत्र हा दुसरा मार्ग. दोन्ही जमलं नाही तर दिवाणी दावा. आणि दावा जिंकला म्हणजे जमीन ताब्यात आली असं नव्हे. हुकूमनामा झाला की प्रत्यक्ष सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस बघून करायच्या, वाटपासाठी प्रकरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे येतं, तिथून खाली तहसीलदार, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग ताबापावती. आजोबानं दावा लावावा आणि नातवानं ताबा घ्यावा, अशा फायली मी हाताळल्यात. थोरला-धाकटा दोघंही मयत आणि त्यांचे वारस रेकॉर्डवर घेण्याचे अर्ज सुरू.

पडदापाडू

दहा-बारा वर्षं संकलनाच्या टेबलावर घालवलेला माणूस म्हणून बोलतो. गावनमुना, वाचायला जबरदस्त आहे, पण पडद्यावर कागद मरतो. प्रेक्षक उतारा वाचत नाही, चेहरा वाचतो. 'कलम ८५' हे शब्द संवादात आले की मागच्या रांगेत मोबाइल उघडतात. कुऱ्हाड स्वस्त आहे म्हणून वापरतात, लेखक मूर्ख असतात म्हणून नव्हे. एका फटक्यात प्रसंग मिटतो.

पण तो हप्त्याचा मेसेज. फोन वाजतो, थोरला बघतो, खिशात ठेवतो. धाकट्याने बघितलंय. दोघं पुन्हा चहा प्यायला लागतात. एक शब्द नको. हे मी उद्या कापून देतो.

कोयरी

सगळा धागा वाचला. सात एकर, दोन भाऊ, एक मामा. बहीण कुठे आहे? की या घरात मुलीच झाल्या नाहीत?

शिवारफेरी (धागाकर्ता)

@कोयरी, आहे. एक बहीण आहे, लग्न होऊन तालुक्याच्या गावी दिलेली. तिचं हक्कसोड झालंय, म्हणजे तिने हिस्सा लिहून सोडलाय, असं गृहीत धरलं होतं.

कोयरी

'गृहीत धरलं होतं.' सिनेमाचं नाव सापडलं तुम्हाला.

आमच्या घरातलं सांगते. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर रसवंतीचं दुकान होतं. आईला, मावशीला तिथं बसवलं होतं, दोघींना नव्या साड्या आदल्या दिवशीच दिलेल्या. माझे मामा खरंच चांगले, आजही आंब्याची पेटी न चुकता येते. आत बोलावलं, छोट्या कॅमेऱ्यासमोर बसवलं, मशीनवर अंगठा. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे विचारलं, स्वखुशीने देताय ना? आई हो म्हणाली. मावशीने आधी आईकडे बघितलं, मग हो म्हणाली. मोबदला शून्य. बाहेर आल्यावर मामांनी सगळ्यांना रस पाजला. मावशीने ग्लास अर्धा ठेवला आणि 'बर्फ फार आहे' म्हणाली.

मावशीच्या नवऱ्याचं दुकान त्याच वर्षी बुडालं होतं. तिला पैशांची नड होती, सगळ्यांना माहीत होतं. मागितलं असतं तर माहेर बंद झालं असतं, तेही सगळ्यांना माहीत होतं.

कायदा काय म्हणतो ते वेगळंच. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या तारखेला अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो लग्न झालेल्यांनाही आला. पुढे 'त्या दिवशी वडील हयात होते का' यावर कोर्टांत वर्षानुवर्षं घोळ चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हक्क जन्माने आहे, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत. याच निकालात न्यायालयाने म्हटलंय की नुसती 'तोंडी वाटणी झाली होती' ही सबब सहसा चालणार नाही. म्हणजे तुमच्या मामाची वाटणी बहिणीपुढे टिकणं अवघड. थोरला आणि धाकटा ज्या सात एकरांवर भांडताहेत त्यात तिसरा हिस्सा आहे आणि दोघंही तो सोडून गणित मांडतायत.

भुईमूग

कायदा मान्य. पण ताई, लग्नात जमीन विकून खर्च केलेला असतो, सोनं दिलेलं असतं, बाळंतपणं माहेरी. तीस वर्षं रानात पाय न ठेवता महामार्ग आल्यावर हिस्सा मागणारी बहीण प्रेक्षकाला आवडायची नाही.

कोयरी

मुंबईला गेलेला भाऊही तीस वर्षं रानात पाय ठेवत नाही. त्याचा हिस्सा कुणी विचारतं का? आणि सोनं दिलेलं असतं ते सासरच्यांना.

प्रेक्षकाला न आवडणारी बहीण दाखवा ना. गरजू, गोड, रडकी बहीण नको मला. तिला फ्लॅटचे हप्ते भरायचेत आणि हिस्सा हवाय, बस.

गावनमुना_सात

कोयरीताईंच्या मुद्द्याला जोड. जुने उतारे काढून बघा. मुलींची नावं पुष्कळदा कब्जेदार सदरी, म्हणजे मालकांच्या रकान्यात, नसतातच, 'इतर हक्क' या रकान्यात असतात. बोजा, विहीर, पाईपलाईन आणि बहीण, सगळं एकाच रकान्यात. नोकरीत असताना मीही अशा नोंदी वाचून पुढं जायचो, काही वाटायचं नाही. पटकथेत घ्या, पडदापाडूंना चेहरा मिळेल.

पांधणवाट

आमच्या वऱ्हाडात सगळ्या भांडणाची सुरुवात धुऱ्यावर, म्हणजे तुमच्या बांधावर होते. दोन भावांच्या वावरात धुरा असतो, दर पेरणीले ट्रॅक्टरवाला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, आत घेते. डायवरले इचारलं तर म्हणते, मालकानं सांगतलं. मालक म्हणते, डायवर नवा हाय. पाच वर्षांत धुरा सरपटत सरपटत इकडचा तिकडं. आमच्या धुऱ्यावर कडुलिंब होता, आज्यानं लावलेला. झाड दोघायचं, पण सावट पडे काकाच्या वावरात. त्या पट्ट्यात तूर दाणा भरत नसे. काका म्हणे तोड, बाबा म्हणे आज्याचं झाड. पंधरा फूट सावलीसाठी दोन घरं दिवाळीले एकमेकांकडं गेले नाहीत. पैसा पाहाल तर काहीच नाही त्यात.

अन् वाटणी झाली की मागच्या वावरात जायले वाट कुठून? कागदावर वावर भेटते, बैलबंडी कुठून न्याची? मंग तहसीलीत महसूल संहितेच्या कलम १४३ चा अर्ज नाहीतर मामलेदार न्यायालय अधिनियम. तो कायदा १९०६ चा, इंग्रजाच्या राज्यातला, अजून चालते. तहसीलदार स्वतः जागेवर येते पाहाले. त्या दिवशी दोन्ही घरचे इस्त्रीचे कपडे घालून धुऱ्यावर उभे असतात, हे घ्या पिच्चरमध्ये.

रातांबा

आमच्या कोकणात धुरा-बिरा काही नाही, कारण वाटणीच होत नाही! सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावं दोन पानं भरून, त्यातली निम्मी मयत, उरलेली डोंबिवली-नालासोपाऱ्यात. कुणाचा आणे-पै हिस्सा किती ते सांगू शकणारी एक आत्या होती, तीही गेली. विकायला सगळ्यांच्या सह्या हव्यात म्हणून विकता येत नाही. आमची जमीन भांडणामुळेच वाचली म्हणायची.

तंटा असतो तो आंब्याच्या कलमांवर. दोन कलमं काकांनी लावली, जमीन सामायिक, मग आंबा कुणाचा? कोर्टात तारीख असली की वादी-प्रतिवादी वाडीतून सकाळच्या एकाच एसटीने जातात. तिकीट एकानेच काढायचं, येताना दुसऱ्याने. कोर्टात एकमेकांविरुद्ध जबान्या द्यायच्या आणि गणपतीत एकाच चौरंगापुढे टाळ कुटायचे. देशावरच्यांना हे ढोंग वाटतं. ढोंग नाही ते. दावा एका जागी, घर एका जागी.

पडदापाडू

रातांबा, एसटीचा प्रसंग मी चोरला. तिकिटाचे सुटे पैसे परत करण्यावरून होणारं संभाषण मला आत्ताच ऐकू येतंय.

शिवारफेरी, कुऱ्हाडीऐवजी शेवट काय, हा तुमचा खरा प्रश्न. माझं मत, मोजणीचा दिवस. अख्खी भावकी रानात उभी आहे, सरकारी मोजणीदार येतो, खुणा करतो, आणि प्रत्येक खुणेला कुणाचा तरी चेहरा पडतो. यात हालचाल आहे, ताण आहे, आणि कागद जमिनीवर उतरलेला दिसतो. गावनमुना, तो दिवस नेमका कसा असतो?

गावनमुना_सात

सांगतो. आधी नोटीस निघते, लगतच्या खातेदारांनाही. नेमका तो दिवस एका भावाला कधीच सोयीचा नसतो.

पूर्वी साखळी असायची, ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. पुढं फळा मांडून मोजणी आली, आता रोव्हर म्हणून काठीसारखं यंत्र उपग्रहावरून ठावठिकाणा घेतं. म्हाताऱ्यांचा त्यावर विश्वास नाही. साखळी डोळ्यांना दिसायची, हे यंत्र नुसतं पीक-पीक करतं.

मोजणीदार शहाणा असला तर दोघांपैकी कुणाच्याच घरचं पाणी पीत नाही, बाटली बरोबर आणतो. एका घरचा चहा घेतला तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्याचा तक्रार अर्ज तयार. खुणा चुन्याने करतात, नंतर दगड रोवायचे. मोजणीदाराची गाडी वळली की त्याच रात्री दगड हलतो. आणि एक गोष्ट पुष्कळदा घडते. दोन्ही भावांचं क्षेत्र कागदापेक्षा कमी भरतं. कारण एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट झाले तेव्हाच कुठंतरी चूक झालेली असते, नाहीतर तिसऱ्याच शेजाऱ्यानं दोघांकडचं थोडं थोडं खाल्लेलं असतं, हे दोघं एकमेकांवर नजर ठेवण्यात गुंतल्यामुळं.

भुईमूग

म्हणजे शेवटी खलनायक शेजारी! मी मामावर उगाच घसरलो.

पांधणवाट

शेजारीबी चुलतभाऊच असते, भाऊ.

शिवारफेरी (धागाकर्ता)

धन्यवाद मंडळी, गोष्ट बदलली. बहीण आली, ए.कु.मॅ. आलं, एसटी आली. विहिरीचं अजून कुणी बोललं नाही म्हणून मीच सांगतो, कारण माझं सगळ्यात लाडकं दृश्य तिथं आहे. आमच्याकडे शेतीची तीन-फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. विहीर सामायिक असली की पाळ्या ठरलेल्या. रात्रपाळीला थोरला पाण्याची दारं धरायला गेलाय, पाय चिखलात, हातात बॅटरी. धाकट्याची पाळी पहाटे सुरू होते, पण तो अर्धा तास आधीच येऊन बांधावर बसतो. थोरल्याचे शेवटचे चार वाफे राहिलेत. धाकटा मोटर बंद करत नाही. घड्याळ मात्र बघत राहतो. चौथा वाफा भरेपर्यंत थांबतो आणि मग स्विच दाबतो. कोर्टात दावा चालू असताना हे घडतं. ते चार वाफे त्याने का भरू दिले, हे सिनेमाने सांगायचं नाही.

तडजोडीसाठी सलोखा योजना घालायचा विचार होता. जानेवारी २०२३ चा शासन निर्णय आहे. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान बारा वर्षं चाललेलं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये. पण यांच्या बाबतीत ती बसेल असं दिसत नाही.

गावनमुना_सात

बसत नाही. सलोख्याला दोघांची नावं वेगवेगळ्या जमिनींवर हवीत. इथं सगळंच थोरल्याच्या नावावर.

पडदापाडू

मग धाकट्याला हवंय तरी काय? पटकथेत माणसाला मोजून मागता येईल अशी एक गोष्ट हवी. 'न्याय' चालणार नाही.

शिवारफेरी (धागाकर्ता)

महामार्गाकडच्या कडेचे पाच गुंठे. पोराला तिथं हॉटेल टाकायचंय. पाच गुंठे दे, बाकी माळावर पाणी सोडतो, असं म्हणतो तो. थोरला शेवटी तयार होतो, बहिणीने मोजणीच्या दिवशी सगळ्यांदेखत सुनावल्यावर.

गावनमुना_सात

अडचण आहे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ च्या अधिसूचनेनं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठेवलंय. २०२५ मध्ये शहरी हद्दीत आणि तिच्या आसपास ढिलाई मिळाली, पण तुमचा माळ गावशिवारातलं जिरायत रान आहे असं धरतो. पाच गुंठ्यांचा तुकडा पाडून देता येणार नाही. दोघं राजी झाले तरी.

कोयरी

थांबा, हे तर उत्तम आहे. भाऊ भांडत होते तोवर कायदा लांब उभा होता. एकदाचे राजी झाले तेव्हा तो आडवा आला.

पडदापाडू

आणि वीस गुंठे दिले तर?

गावनमुना_सात

तर चालेल. पण थोरल्याला आधी पाच कबूल करायला एवढा सिनेमा लागला. वीस म्हणजे चौपट. शिवाय माळाची महामार्गाकडची बाजू किती लांब आहे ते नकाशावर बघा. वीस गुंठे कडेनं काढले तर थोरल्याला रस्त्याला तोंड उरतं का? नाहीतर पांधणवाट म्हणतात तसं, पुन्हा वाटेचा अर्ज.

शिवारफेरी (धागाकर्ता)

मग वीस गुंठे बहिणीच्या नावावर निघाले तर? हिस्सा तिचा, हॉटेल भाच्याचं, भाडं तिला.

भुईमूग

धाकट्याच्या पोरानं आत्याला भाडं द्यायचं? भाग दोनची तयारी झाली की हो.

कोयरी

भाडेकरार नोंदणीकृत करा म्हणावं. आणि या वेळी मामाला बोलावू नका.